रंगून बंदरातील माणसे

रंगून हे नाव आपल्या घराघरांत बाबासाहेबांमुळे पोहोचले. डिसेंबर १९५४ मध्ये तेथे भरलेल्या तिसऱ्या जागतिक बौद्ध परिषदेला परमपूज्य बाबासाहेब उपस्थित होते. तेथून परतल्यावर २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात त्यांनी आपल्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. ती मूर्ती रंगूनहून आणलेली. दरवर्षी २५ डिसेंबरला देहूरोडला जाणाऱ्या उपासक-उपासिकांना हे सांगायला नको.

मी मात्र रंगूनचे नाव पहिल्यांदा ऐकले ते आजीकडून आणि तेही तांदळाच्या संदर्भात. आमचे आजोबा मुंबईच्या गोदीत हमाल होते. आजी सांगायची, "रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला आन् घरात भात दिसंना." हे १९४२ सालचे बोलणे. त्या वर्षी जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि तांदळाची जहाजे थांबली. कोकणात आणि मुंबईत गरिबाच्या ताटात पडणारा भात कित्येकदा रंगूनच्या गिरणीत सडलेल्या तांदळाचा असे. ज्या गावाचा तांदूळ आजोबांनी पाठीवर वाहिला त्या गावात तोच तांदूळ जहाजावर चढविणारा हमाल कोण होता, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात होता.

डिसेंबर २०१८ मध्ये आमच्या भागातील उपासक-उपासिकांच्या जथ्याबरोबर रंगूनला जाण्याचा योग आला. श्वेडगॉन पॅगोड्याचे दर्शन झाले. सुमारे ३२५ फूट उंचीचा तो सोनेरी स्तूप पाहून मन भरून येते. तपस्सु आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी तथागतांचे केस आणून येथे ठेवले, अशी ब्रह्मदेशाची परंपरा आहे. परंतु त्या पवित्र स्थानाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते नदीकाठच्या शहराविषयी आणि त्या शहरातील माणसांविषयी.

रंगून हे समुद्रावरचे बंदर नाही. समुद्रापासून सुमारे तीस किलोमीटर आत, रंगून नदीच्या काठी ते वसले आहे. भरतीच्या पाण्याबरोबर मोठी जहाजे आत येत. ट्वांटे कालव्याने ही नदी इरावतीला जोडलेली आहे, म्हणून देशभरचा माल होड्यांतून येथे उतरे. जुने नाव दगोन. मुळात ही वस्ती मोन लोकांची, आणि मोन भाषा ही बर्मीपेक्षा अगदी निराळी. १७५५ मध्ये अलौंगपया राजाने हे ठिकाण जिंकले व त्याला 'यांगून' असे नाव दिले. त्याचा अर्थ वैर सरले, शत्रुत्व संपले. इंग्रजांनी त्याचेच रंगून केले. १९८९ पासून अधिकृत नाव पुन्हा यांगून आहे.

१८५२ च्या दुसऱ्या युद्धात इंग्रजांनी रंगून कायमचे घेतले आणि चौकोनी आखणी करून नवे शहर वसविले. मध्यभागी सुले पॅगोडा, नदीला समांतर मोठे रस्ते आणि त्यांना छेदणाऱ्या गल्ल्या. पुष्कळ गल्ल्यांना नावे नाहीत, फक्त क्रमांक आहेत. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि तांदळाचा व्यापार भरभराटीला आला. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातील जंगल तोडून शेते झाली, रंगूनच्या खाडीकाठी वाफेच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि ब्रह्मदेश जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यात करणारा देश झाला.

या कथेत आपली मुंबई आणि आपले कोकणही आहे. मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेल्या 'बॉम्बे बर्मा' कंपनीचा सागवानावरून मंडालेच्या दरबाराशी तंटा झाला. ते निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये उरलेले राज्य घेतले आणि थिबा राजाला रत्नागिरीला आणून ठेवले. १९१६ मध्ये तो तेथेच वारला. त्याच्या आधी दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला रंगूनला नेले होते, तो १८६२ मध्ये तेथे वारला. इकडचा राजा तिकडे, तिकडचा राजा इकडे. राजांच्या या अदलाबदलीवर पुष्कळ लिहिले जाते. त्याच वाटेने लाखो मजूर गेले-आले, त्यांचे नाव कोणी घेत नाही.

१९३७ पर्यंत ब्रह्मदेश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, त्यामुळे मजुरांना परवान्याची गरज नव्हती. कलकत्ता, मद्रास, काकिनाडा, विशाखापट्टणम येथून बोटी भरभरून जात. १९२७ साली एका वर्षात चार लाखांहून अधिक माणसे रंगूनच्या धक्क्यावर उतरली. त्या काळी येणाऱ्यांच्या संख्येत रंगूनने न्यूयॉर्कलाही मागे टाकले होते, असे इतिहासकार म्हणतात. १९३१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती चार लाख होती आणि त्यांत निम्म्याहून अधिक हिंदी लोक होते. म्हणजे ब्रह्मदेशाच्या राजधानीत बर्मी माणूस अल्पसंख्य झाला होता!

प्रत्येकाचे काम जणू ठरलेले होते. नदीतील संपान आणि आगबोटींवरचे सारंग-खलाशी चितगावचे. सावकारी तमिळ चेट्टियारांची. कापडाच्या व इतर व्यापारात गुजराती व सुरती. कचेऱ्यांत बंगाली कारकून. चिनी लोकांची वेगळी पेठ, त्यांत फुकियेनी वेगळे व कँटनी वेगळे. आर्मेनियन लोकांचे चर्च, बगदादी ज्यूंचे प्रार्थनामंदिर, इराणी शियांची मशीद, सारे आजही उभे आहे. सुले पॅगोड्याच्या चौकात उभे राहिले की पॅगोडा, मशीद आणि चर्च एकाच नजरेत येतात. आमच्या जथ्यातील मुलांनी त्याचे फोटो काढले.

इतक्या भाषांच्या गावात सर्वांची मिळून चालणारी भाषा कोणती? बर्मी नव्हे, तर हिंदुस्थानी! तीही मोडकी, बाजारी. टपाल, रेल्वे, दवाखाना, टेलिफोन, सगळीकडे हिंदी नोकर. बर्मी माणसाला आपल्याच राजधानीत काम करून घ्यायचे तर हिंदुस्थानी किंवा इंग्रजी यावी लागे. परक्याची भाषा बोलल्याशिवाय खिडकीवर काम होत नाही, याचा अपमान काय असतो हे खेड्यातून पहिल्यांदा कचेरीत आलेल्या आपल्या माणसाला विचारावे. 'पतंगा' (१९४९) चित्रपटातील रंगूनहून टेलिफोन करणाऱ्या नवऱ्याचे गाणे अजून सर्वांच्या ओठांवर आहे. ते आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी शमशाद बेगम यांच्याबरोबर गायिले. गाणे गमतीचे आहे, पण घरचा माणूस रंगूनला जाणे ही त्या काळी किती साधी गोष्ट होती, हेही त्यातून कळते.

भाषा मात्र माणसांपेक्षा लवकर मिसळतात. बर्मी चहाच्या दुकानात आजही पराठ्याला 'पलाटा' म्हणतात आणि समोशाला 'समूसा'. खुर्चीला बर्मी शब्द आहे 'कलाथाइं'. 'कला' म्हणजे हिंदी माणूस, म्हणून खुर्ची म्हणजे हिंदी माणसाची बैठक. हरभरा म्हणजे 'कलापे', हिंदी माणसाची डाळ. आज 'कला' हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जातो, पण त्याच शब्दाशिवाय बर्मी माणसाला खुर्ची मागता येत नाही. आणि पाली तर दोघांची. विहारात त्रिशरण सुरू झाले तेव्हा आमच्या बायकांना आधी काही कळेना, कारण बर्मी उच्चारात 'स'चा 'थ' होतो. साधु म्हणजे 'थादु', शासन म्हणजे 'थाथना'. थोड्या वेळाने कान सरावले आणि सर्वांनी एका सुरात साथ दिली.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तांदळाची पोती कोण वाहत होते? बहुतांशी तेलुगू मजूर. काकिनाड्याजवळच्या कोरिंगा बंदरावरून त्यांना 'कोरंगी' म्हणत. मेस्त्री नावाचा ठेकेदार गावी जाऊन उचल देई, बोटीचे भाडे भरी आणि मग मजुरीतून ते वळते करून घेई. आपल्याकडचा मुकादम आठवावा. एका खोलीत इतकी माणसे कोंबलेली असत की पाळीपाळीने झोपावे लागे. या मजुरांत अस्पृश्य गणलेल्या माला आणि मादिगा समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. रंगूनचे रस्ते झाडणे, संडास साफ करणे, मैला वाहणे ही कामेही याच लोकांकडे. समुद्र ओलांडला, भाषा बदलली, देश बदलला, तरी झाडू काही हातातून सुटला नाही.

एवढे असूनही ते का जात? कारण तेथे रोख मजुरी मिळे. गावच्या जमीनदाराच्या वेठीतून सुटका होई. रंगूनहून पाठविलेल्या पैशांतून गोदावरी-विशाखापट्टणमकडील कित्येक दलित कुटुंबांनी जमिनीचा तुकडा घेतला, मुले शाळेत घातली. माझे आजोबाही याच कारणासाठी गाव सोडून मुंबईच्या गोदीत आले होते. म्हणून त्या कोरंगी हमालांना मी परके मानू शकत नाही.

मे १९३० मध्ये या तेलुगू हमालांनी मजुरीवाढीसाठी संप केला. जहाजे अडून राहिली. मालकांनी संप मोडण्यासाठी बर्मी मजूर लावले. पुढे तडजोड झाली, हिंदी हमाल कामावर परतले, आणि २६ मे रोजी सकाळी कामावर आलेल्या बर्मी मजुरांना 'आता तुमची गरज नाही' असे सांगण्यात आले. धक्क्यावरच दंगल पेटली. शंभराहून अधिक माणसे मेली, बहुतेक तेलुगू मजूर. एका उपाशी माणसाने दुसऱ्या उपाशी माणसाला मारले. जहाज कंपन्यांच्या काचाही फुटल्या नाहीत. त्याच सुमारास मंदी आली, तांदळाचा भाव कोसळला आणि कर्जात बुडालेल्या बर्मी शेतकऱ्यांच्या जमिनी चेट्टियारांकडे गेल्या. काही वर्षांत दक्षिण ब्रह्मदेशातील सुमारे चौथाई भातशेती त्यांच्या ताब्यात होती. बर्मी माणसाचा राग खोटा नव्हता. तो सावकारावर निघायला हवा होता, निघाला हमालावर, कारण हमाल रस्त्यावर सापडतो आणि सावकार पेढीच्या आत असतो.

ब्रह्मदेशात अनेक वर्षे सनदी अधिकारी असलेल्या फर्निव्हल नावाच्या अभ्यासकाने या समाजाचे वर्णन करून ठेवले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की येथे निरनिराळे लोक शेजारी राहतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत; त्यांची गाठ पडते ती फक्त बाजारात. हे वाचताना मला बाबासाहेबांची आठवण झाली. जातीजातींत विभागलेल्या समाजात विचारांची, भावनांची देवघेव होत नाही, हे त्यांनी १९३६ मध्येच मांडले होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाहीत. रंगूनमध्ये बाजार होता, बंधुता नव्हती.

२३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी रंगूनवर बॉम्ब टाकले. मजूर शहर सोडून पळाले, तेव्हा शहराला त्यांची किंमत कळली. धक्क्यावर माल उतरवायला माणूस नाही, कचरा आणि प्रेते उचलायला माणूस नाही. पायी निघालेल्या हजारो मजुरांना समजावून, अडवून परत आणण्यात आले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. चार लाखांहून अधिक हिंदी लोक डोंगर-जंगलातून चालत भारताकडे निघाले. कॉलरा, उपासमार, पाऊस यांनी हजारो वाटेतच गेले. त्या वाटेवरही गोऱ्यांसाठी वेगळी सोय आणि काळ्यांसाठी वेगळी, अशी तक्रार होती. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते तेव्हा आपल्या यवतमाळच्या बापूजी अणे यांच्याकडे होते, आणि ते स्वतः आसामात जाऊन पाहणी करून आले.

या शहराने बंधुतेचे प्रयत्न केलेच नाहीत असे नाही. १९ जुलै १९४७ रोजी रंगूनच्या सचिवालयात आँग सान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा खून झाला. मेलेल्या मंत्र्यांत अब्दुल रझाक होते. वडील तमिळ मुसलमान, आई बर्मी बौद्ध. शहीद म्हणून त्यांचे नाव तेथे आजही घेतले जाते. ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला सहावी संगीती भरली. त्याच दिवसांत बाबासाहेब तेथे गेले आणि भारतात धम्मप्रसार कसा करावा याचे निवेदन त्यांनी तेथील बुद्ध शासन कौन्सिलला दिले. पुढे नागपूरला त्यांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी हेदेखील जन्माने ब्रह्मदेशातील आराकानचे.

मी हिशेबखात्यातील कारकून आहे, म्हणून रंगूनमधल्या दोन कारकुनांविषयी मला विशेष आपुलकी वाटते. एक शरच्चंद्र चट्टोपाध्याय. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे मराठी घराघरांत पोहोचलेले शरदबाबू १९०३ ते १९१६ रंगूनला हिशेबाच्या कचेरीत नोकरी करीत होते. दुसरे ऊ बा खिन. पैशाअभावी कॉलेजला जाता आले नाही म्हणून ते १९१७ मध्ये अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून म्हणून लागले, आणि स्वातंत्र्याच्या दिवशी त्याच कचेरीचे प्रमुख झाले. नोकरी सांभाळून ते विपश्यना शिकवीत. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका हे मंडालेत जन्मलेले मारवाडी. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. भारतातून गेलेली विद्या बर्मी कारकुनाने जपली आणि परत पाठविली.

परंतु बाजाराचे शहर बंधुतेचे होता होता राहिले. १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. १९६४ मध्ये लहान-मोठी दुकाने सरकारजमा झाली, मोठ्या नोटा रद्द झाल्या आणि पुढील काही वर्षांत सुमारे तीन लाख हिंदी लोकांना देश सोडावा लागला. मद्रासचा बर्मा बाजार त्यांचाच. १९८२ च्या कायद्याने नागरिकत्वाच्या पायऱ्या केल्या. वांशिक यादीत बसत नाहीत त्यांनी १८२३ पूर्वीपासूनचे वास्तव्य दाखवावे!

पानसोडान रस्त्याजवळच्या एका चहाच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी आमचे बोलणे ऐकून हिंदीत विचारपूस केली. त्यांचे आजोबा विशाखापट्टणमकडून हमालीला आलेले. घरी तेलुगू, बाहेर बर्मी, आणि हिंदी वडिलांपासूनची. त्यांचा जन्म रंगूनचा, पण ओळखपत्राचा रंग पूर्ण नागरिकाचा नाही. मी म्हटले, "काकाजी, कागद नव्हते का?" ते हसून म्हणाले, "बेटी, पोती वाहणाऱ्याला पावती कोण देतो?"

हे उत्तर मला झोंबले. सुट्टीच्या दिवशी आमच्या वस्तीतील लोकांचे जातीच्या दाखल्याचे अर्ज मी भरून देते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याच्या आजोबाला ना जमीन ना शाळा, त्याने कागद आणावा कोठून? कित्येक हुशार मुलांचे प्रवेश या एका कागदापायी अडलेले मी पाहिले आहेत. कष्ट करणाऱ्याच्या पिढ्या जातात आणि शेवटी सिद्ध त्यानेच करायचे की तो येथलाच आहे.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण ती आपल्याला अवघड आहे. ब्रह्मदेश बुद्धाला मानणारा देश. तेथेच काही चीवरधारींनी मुसलमानांविरुद्ध द्वेष पसरविला. २०१७ मध्ये लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. हे धम्माच्या नावावर खपवून घेता येणार नाही. त्याच रंगूनमध्ये २००७ साली हजारो भिक्खू मैत्रीसूत्राचे पठण करीत लष्करी सत्तेविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि गोळ्या-लाठ्या सोसल्या, हेही खरे. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्याच रस्त्यांवर तरुण मुले मारली गेली. कोणते चीवर तथागतांचे, हे आपण ओळखले पाहिजे. धम्म देशाच्या नावात नसतो, शेजाऱ्याशी आपण कसे वागतो त्यात असतो.

आज आपल्याही शहरांत बिहार-उत्तर प्रदेशाकडून, ओरिसाकडून माणसे येतात. गटारात उतरतात, विटा वाहतात, बारा जण एका खोलीत राहतात. आपल्यातील काही तरुण त्यांना परप्रांतीय म्हणून हिणवतात, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. त्यांनी आपल्या आजोबांची हमाली आठवावी. माझी सूचना साधी आहे. आपल्या वस्तीत राहणाऱ्या अशा कुटुंबांना पौर्णिमेच्या वंदनेला बोलवावे, त्यांच्या मुलांना आपल्या अभ्यासिकेत बसू द्यावे, आणि त्यांचे कागदपत्र करायला आपल्यातील शिकलेल्यांनी मदत करावी. आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत या जूनपासून अशी सहा मुले येत आहेत. त्यांतली एक मुलगी त्रिशरण भोजपुरी वळणाने म्हणते. आमच्या मुली आधी हसल्या, आता तिच्या शेजारची जागा धरण्यासाठी भांडतात.